मसुदा

परीक्षा भवनाच्या जिन्याखाली संगणक कक्ष.
एप्रिलात नांदेड तापतं तेव्हा
सर्व्हरला एसी, आम्हाला कूलर,
आणि कूलरमधलं पाणी मी भरते.
खुर्च्या तीन, माणसं दोन: मी आणि मुंजाजी.
करार अकरा महिन्यांचा, बारावा महिना देवाचा.

जुनी साइट कुणी केली, कुणालाच ठाऊक नाही.
पासवर्ड होता पुण्याच्या एका कंपनीकडं.
कंपनी बुडाली, पासवर्डही तरला नाही.
म्हणून पहिल्या पानावर आठ वर्षं
एकच कुलगुरू एकाच फितीला कात्री लावून उभे
आणि खाली ‘नवीन’ म्हणून लुकलुकणारी
झेरॉक्स मशीनची निविदा, २०११ची.

मग ठराव झाला. नवी प्रणाली आली, फुकटातली.
कुलसचिव म्हणाले, फुकट आहे ना, मग करून टाका.

चार हजार तीनशे बारा पानं.
घर बदलताना भांडी मोजतात तशी
एकेक उचलून इकडं ठेवली.
याचं झाकण कुठंय? हे कुणाचं, आपलं का शेजारचं?
शीर्षक, मजकूर, वर्ग, दिनांक.
चार कप्प्यांत अख्खं विद्यापीठ बसतं
हे बघून मला जरा वाईटच वाटलं.

सगळ्यात छळलं जुन्या फॉन्टनं.
मजकूर उचलला की अक्षरं फुटायची:
टक्के, डॉलर, उघडे कंस, मध्येच एक उद्गारचिन्ह.
मुंजाजी म्हणाला, “कामून उकलायलीस हे? नव्यानं टंक की.”
पण नवव्या दिवशी मला ते वाचता यायला लागलं.
डॉलर म्हणजे रफार. टक्का म्हणजे पोटफोड्या ष.
घरी गॅसच्या पावतीवर पाच टक्के दिसले
तर मनात म्हणाले, पाच ष.

आता ज्याचं पान त्यानंच लिहायचं, असं ठरलं.
विभागप्रमुखांना प्रशिक्षण दिलं, चहा-बिस्किटासहित.
इतिहासवाल्यांना हलता फोटो हवा होता.
खरं शिकले ते प्राणिशास्त्राचे शिपाई, गफूरमामा.
निवृत्तीला सात महिने. पासवर्ड वहीत उर्दूत लिहिला,
म्हणे, साहेबाला वाचता येऊ नये.
त्यांच्या विभागाचं वेळापत्रक कधी शिळं नसतं.

डॉ. अंबादास टेकाळे, भूगर्भशास्त्र.
फोटोत मागं फळा, फळ्यावर बेसाल्टचे थर.
‘भेटण्याची वेळ: बुधवार, तीन ते पाच.’
सर जाऊन चार वर्षं झाली.
प्रणाली विचारते: प्रकाशित, मसुदा, का कचरापेटी?
मी बाण तिन्हींवरून फिरवला.
कूलर घरघरत होता. बुधवार नव्हता.
मसुद्यात ठेवलं.
मुंजाजीनं पाहिलं, काही बोलला नाही,
फक्त म्हणाला, “पाणी संपायलंय बघ.”

किनवटहून एका पोरीचा फोन आला.
मागं बकरी ओरडत होती.
“मॅडम, हॉल तिकीट उघडलं. मोबाइलवरच.
टेकडीवर नाही जावं लागलं.”
एवढंच. नाव विचारायचं राहून गेलं.

एकतीस तारखेला माझा करार संपतो.
सदस्य काढून टाकताना ही प्रणाली अडून बसते.
विचारते, यांच्या मजकुराचं काय करायचं?
सगळा पुसायचा,
का दुसऱ्या कुणाच्या नावे करायचा?
कुलसचिवांनीही मला असं काही विचारलं नव्हतं.

मुंजाजीला सांगून ठेवलंय,
घाईत पहिलं बटण दाबू नको.
नाव कुणाचं का टाकेनास,
गफूरमामांचं टाक पाहिजे तर,
पान तेवढं उघडलं पाहिजे
टेकडी न चढता.